कोरडे डोळे: पाणी कमी की तेल कमी ते आधी ठरवा, थेंब मग

औषधाच्या दुकानात ‘डोळे चुरचुरतात’ म्हटलं की काउंटरवर थेंबांची एक बाटली येते. थेंब घातले की दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा खुपायला लागतं. महिनाभराने माणूस वैतागून म्हणतो, या औषधाने काही होत नाही. बहुतेक वेळा औषधात खोट नसते. कमी पडत असतं तेल आणि आपण घालत राहतो पाणी.

डोळ्यावर अश्रूंचा जो थर पसरलेला असतो त्याची जाडी साधारण ३ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन. एवढ्याशा थरातही तीन जिन्नस असतात. बुबुळाला लागून असतो चिकट श्लेष्मा, जो पाण्याला पृष्ठभागावर धरून ठेवतो. त्यावर पाणी, जे मुख्यतः भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली असलेल्या अश्रुग्रंथीतून येतं. आणि सगळ्यांत वर तेलाचा नाजूक तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेत उभ्या रांगेने बसलेल्या मायबोमियन ग्रंथींमधून येतं. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. पापणी पूर्ण मिटली की त्या दाबल्या जातात, थोडं तेल बाहेर येतं आणि पापणी उघडताना ते डोळ्यावर पसरतं. जाड तर्री असलेला रस्सा लवकर निवत नाही, कारण तर्रीमुळे खालच्या पाण्याची वाफ कमी होते. डोळ्यावरच्या तेलाचं काम तेच.

तेल घट्ट झालं किंवा कमी पडलं की पाणी भराभर उडतं आणि मागे उरलेले अश्रू जास्त खारट होतात. तो खारटपणा पृष्ठभागाच्या पेशींना झोंबतो, तिथे दाह सुरू होतो आणि दाहामुळे श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी आणखी मरतात. मग थर आणखी लवकर फाटतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की नुसते थेंब ते थांबवू शकत नाहीत. म्हणूनच २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या आजाराची व्याख्या नव्याने मांडली तेव्हा अश्रूंचा खारटपणा आणि दाह हे दोन्ही शब्द त्यात आवर्जून आले.

आणि हो, डोळ्यांतून घळाघळा पाणी येत असलं तरी डोळे कोरडे असू शकतात. पृष्ठभाग सुकला की मज्जातंतू ओरड करतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. त्या पाण्यात तेल आणि श्लेष्मा पुरेसा नसतो, त्यामुळे ते टिकत नाही, गालावर ओघळतं. वाऱ्यात, गाडीवर किंवा टीव्ही बघताना पाणी येणाऱ्यांपैकी कित्येकांचं निदान हेच निघतं.

आपला प्रकार कोणता

तेलाची अडचण असेल तर त्रास बऱ्याचदा सकाळी उठल्यावर जास्त असतो. पापण्यांच्या कडा लालसर आणि जाड दिसतात, केसांच्या मुळाशी कोंडा साठतो, वरचेवर रांजणवाडी होते. उजेडात आरशासमोर उभं राहून खालची पापणी जरा ओढून बघा. कडेवर साबणासारखा बारीक फेस किंवा तेलाच्या ग्रंथींच्या तोंडांवर पांढरट टोप्या दिसल्या तर संशय पक्का समजा. चेहऱ्यावर रोझेशिया या त्वचेच्या आजाराचा लालपणा असणाऱ्यांतही हा प्रकार बराच आढळतो.

पाणी कमी असेल तर दिवस पुढे सरकतो तसा त्रास वाढतो आणि संध्याकाळी डोळे उघडे ठेवणं नको वाटतं. सोबत तोंडालाही कोरड असेल, भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळवत नसेल, दात भराभर किडत असतील, सांधे दुखत असतील, तर डोळ्यांपुरता विचार करून थांबू नका. हे श्योग्रेन या आजाराचं चित्र असू शकतं. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटते. तो बायकांमध्ये, विशेषतः चाळिशी-पन्नाशीनंतर, कितीतरी जास्त दिसतो आणि त्यासाठी संधिवाततज्ज्ञांकडे जावं लागतं.

प्रत्यक्षात दोन्ही मिसळलेलं असतं, पण तेलाचा वाटा बहुतेकांत मोठा असतो. एक तिसरीही शक्यता तपासा: झोपेत डोळे पूर्ण मिटतात का? घरातल्या कुणाला तरी रात्री बघायला सांगा. पापण्यांमध्ये फट राहत असेल तर पहाटे डोळा खुपणं, लाल होणं हे त्यामुळेच होत असेल. त्यावर इलाज वेगळा आहे, रात्री मलम.

औषधांची यादी आधी काढा

घरात आधीपासून चालू असलेल्या गोळ्या हे कोरडेपणाचं सगळ्यांत दुर्लक्षित कारण. सर्दी-अ‍ॅलर्जीची सेट्रिझिनसारखी औषधं, अमिट्रिप्टिलीनसारखी नैराश्य किंवा जुनाट दुखण्यावरची औषधं, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, ही त्यातली नेहमीची नावं. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घालणाऱ्यांना अनेकदा त्या बाटलीतल्या परिरक्षकाचाच, म्हणजे औषध खराब होऊ न देणाऱ्या रसायनाचाच, त्रास होतो. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. यादी डॉक्टरांपुढे ठेवायची. पर्याय असतो, निदान मात्रा बदलता येते. मधुमेह, थायरॉइड, रजोनिवृत्ती, चष्म्याचा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया आणि कॉन्टॅक्ट लेन्स हेही सांगायला विसरू नका.

दवाखान्यात काय तपासतात

तीन तपासण्या जवळपास कुठेही होतात. पहिलीत फ्लुरेसिन हा पिवळा रंग डोळ्यात लावून निळ्या उजेडात बघतात आणि पापणी उघडी ठेवल्यावर थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर थर अस्थिर. त्याच रंगाने बुबुळावरच्या खरवडलेल्या जागा ठिपक्यांसारख्या उजळतात. दुसरी शिर्मर चाचणी: ५ मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब कागदी पट्टी खालच्या पापणीत अडकवून ५ मिनिटं ठेवतात आणि किती भिजली ते बघतात. १० मिलिमीटरच्या वर ठीक, ५ च्या खाली म्हणजे पाणी खरंच कमी. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओट्टो शिर्मर यांची ही चाचणी १९०३ पासूनची आहे. जुनी, ढोबळ, तरी अजून कामाची. तिसरी सगळ्यांत साधी आणि घाईत सर्रास वगळली जाणारी: पापणीची कड बोटाने दाबून तेल कसं येतं ते बघणं. चांगलं तेल पातळ आणि पारदर्शक असतं. बिघडलेलं टूथपेस्टसारखं येतं, किंवा येतच नाही. तुमच्या डॉक्टरांनी हे केलं नाही तर ‘पापण्यांच्या ग्रंथी बघाल का’ असं खुशाल विचारा. मोठ्या रुग्णालयांत ग्रंथींचा इन्फ्रारेड फोटोही काढतात. त्यात ग्रंथी झिजून गेलेल्या दिसल्या तर त्या परत उगवत नाहीत. उरलेल्या वाचवणं एवढंच हातात राहतं, म्हणून उशीर परवडत नाही.

शेक: सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत चुकीचा केला जाणारा उपाय

घट्ट झालेलं तेल वितळवायला पापणीला आतपर्यंत ऊब पोहोचावी लागते. त्यासाठी शेक साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसचा हवा आणि तो सुमारे १० मिनिटं टिकायला हवा. एक रुमाल गरम पाण्यात बुडवून डोळ्यांवर ठेवला तर तो दोन मिनिटांत कोमट होतो आणि पुढची आठ मिनिटं आपण नुसते आडवे पडलेलो असतो. शेक करूनही फरक न पडण्याचं मुख्य कारण हेच.

म्हणून चार-पाच छोटे नॅपकिन घ्या. थर्मासमध्ये गरम पाणी भरून जवळ ठेवा, वाडग्यात लागेल तसं ओतून घ्या. नॅपकिन भिजवून घट्ट पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोसवेल तेवढाच गरम हवा. मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बदला. डोळे पूर्ण वेळ मिटलेले, आणि हात नुसता टेकवलेला, दाबायचं नाही. बाजारात गरम करायचे तयार पट्टेही मिळतात, ते उष्णता जास्त वेळ धरतात. तव्यावर तापवलेल्या फडक्याचा भरवसा नाही, कारण तापमान हातात राहत नाही आणि पापणीची कातडी शरीरात सगळ्यांत पातळ असते.

शेक झाल्या झाल्या, तेल पुन्हा घट्ट होण्याआधी, मालिश. हात धुतलेले हवेत. वरच्या पापणीवर बोट वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने हलकेच फिरवा. नाकाकडून कानाकडे सरकत प्रत्येक पापणीवर पाच-सहा वेळा. बुबुळावर जोर देऊ नका. केराटोकोनस (बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे येण्याचा आजार) असेल किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर मालिश डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने किंवा पापण्यांसाठीच्या तयार वाइपने केसांची मुळं पुसून घ्या. मुळाशी नळीसारखा पारदर्शक कोंडा दिसत असेल तर तो डेमोडेक्स नावाच्या किड्याचा. त्यावर टी ट्री तेल असलेली तयार उत्पादनं असतात. निव्वळ तेल पापणीला लावलंत तर डोळा भाजेल.

हे सगळं दिवसातून दोनदा, निदान महिनाभर, मग रोज एकदा. तीन-चार दिवसांत फरक दिसत नाही.

थेंब निवडणं आणि घालणं

बाटलीवरचं कंपनीचं नाव सोडा, घटक वाचा. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के हा दिवसभरासाठीचा साधा, स्वस्त थेंब. १ टक्क्याचा दाट असतो, जास्त टिकतो, पण घातल्यावर काही मिनिटं धूसर दिसतं. गाडी चालवण्याआधी नको. सोडियम हायलुरोनेट ०.१ किंवा ०.१८ टक्के पाणी चांगलं धरून ठेवतं. तेलाची अडचण असेल तर तेलाचे सूक्ष्म कण असलेले इमल्शन प्रकारचे थेंब मागा. जेल आणि मलम रात्रीसाठी. मलम तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं.

मग परिरक्षक बघा. बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. जंतू मारणारं हे रसायन वारंवार घातलं तर डोळ्याच्या पेशींनाही खातं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर ‘प्रिझर्वेटिव्ह-फ्री’ लिहिलेलेच घ्या, जरा महाग पडले तरी. साधी बाटली उघडली की तारीख पेनाने तिच्यावर लिहा आणि महिन्याने टाकून द्या, अर्धी उरलेली असली तरी.

घालण्याची पद्धत:

१. हात धुवा. मान मागे टाका किंवा आडवे व्हा.
२. खालची पापणी ओढून खाच करा आणि एकच थेंब त्या खाचेत सोडा, बुबुळावर नाही. बाटलीचं टोक कशालाही लागता कामा नये.
३. डोळा अलगद मिटा आणि मिनिटभर तसाच ठेवा. फडफडवला की थेंब बाहेर.
४. दुसरं औषध घालायचं असेल तर निदान ५ मिनिटं थांबा. मलम नेहमी शेवटी.

एकच थेंब का? बाटलीतला थेंब ४०-५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात मावतं जेमतेम ३०. दुसरा थेंब थेट गालावर जातो. आणि खुपायला लागल्यावर घालण्यापेक्षा ठरलेल्या वेळी, खुपण्याआधी घाला.

पापण्यांना कामाला लावा

गप्पा मारताना आपण मिनिटाला १५-२० वेळा पापणी लवतो. स्क्रीनसमोर ते पाच-सातवर येतं, आणि त्यातही बऱ्याच वेळा पापणी खालपर्यंत पोहोचत नाही. मग तेल पिळलं जात नाही आणि बुबुळाचा खालचा भाग उघडा राहतो. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा हा नियम ठीकच आहे, पण त्या २० सेकंदांत डोळे मिटणं जास्त महत्त्वाचं. अलगद मिटा, दोन सेकंद थांबा, उघडा, असं दहा वेळा. स्क्रीनचा वरचा काठ डोळ्यांच्या रेषेच्या खाली ठेवा. नजर खाली गेली की डोळा कमी उघडतो आणि बाष्पीभवन कमी होतं. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने कोरडेपणा जात नाही. ते पैसे थेंबांवर घाला.

हवेचं बघा. एसीचा झोत तोंडावर नको, डोक्यावरच्या पंख्याखाली थेट झोपू नका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वाळ्याचा कुलर खोलीत दमटपणा आणतो ही चांगली गोष्ट, पण त्याच्या समोर तोंड करून झोपलं तर वारा सगळा फायदा घेऊन जातो. मुंबईची हवा दमट खरी, ऑफिसातली नव्हे. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली, किंवा कडेने बंद असलेला चष्मा. काजळ पापणीच्या आतल्या कडेवर रेखलं तर ते बरोबर तेलाच्या तोंडांवर बसतं. घालायचंच तर केसांच्या बाहेरच्या बाजूला, आणि रात्री पुसून.

मध, गुलाबपाणी, तूप, एरंडेल, अंगावरचं दूध यातलं काहीही डोळ्यात घालू नका. ही द्रव्यं निर्जंतुक नसतात आणि बुबुळावर जखम असेल तर संसर्ग थेट आत जातो. दर तासाला गार पाण्याचे हबके मारण्यानेही उरलासुरला तेलाचा थर धुऊन जातो.

एवढ्याने भागलं नाही तर

दाह मोडायला डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात, बहुधा ०.०५ टक्के, दिवसातून दोनदा. अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली. पहिले काही आठवडे ते चांगलंच झोंबतं आणि पूर्ण गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. ‘आग होते’ म्हणून पंधरवड्यात सोडून देणारे इथेच फसतात. सुरुवातीचा हा काळ निभावून न्यायला दोन ते चार आठवडे सौम्य स्टेरॉइड थेंब जोडीला देतात. ते काम झटपट करतात, म्हणूनच धोक्याचे: जुनीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने घालत राहिलात तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. डोळे पांढरेशुभ्र करणारे, रक्तवाहिन्या आकुंचन पावायला लावणारे थेंबही टाळा. त्यांचा असर उतरला की लाली दुप्पट होऊन परत येते.

तेलाच्या हट्टी बिघाडात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही आठवडे देतात. गर्भवतींना आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत. पापण्या यंत्राने तापवून ग्रंथी पिळण्याचे उपचार आणि प्रकाशझोताचा आयपीएल हे शहरांत मिळतात, महाग आहेत. आयपीएलमुळे गडद वर्णाची त्वचा भाजण्याचा किंवा तिच्यावर डाग पडण्याचा धोका असतो. आपल्याकडे हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायलाच हवा.

पाणी खरोखर कमी असेल तर नाकाकडच्या कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या भोकात बारीक बूच बसवतात. आधी विरघळणारं लावून बघतात, मग सिलिकॉनचं. दाह असतानाच बूच लावलं तर दाहक अश्रू डोळ्यातच साचून राहतात, म्हणून क्रम महत्त्वाचा. फार गंभीर रुग्णांसाठी स्वतःच्या रक्तातला द्रव पातळ करून केलेले सीरमचे थेंब आणि आत द्रव साठवणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स आहेत.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलबद्दल: अमेरिकेतल्या ड्रीम नावाच्या चाचणीत, निष्कर्ष २०१८ मध्ये आले, रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ वर्षभर घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय जास्त फायदा झाला नाही. जवसाची चटणी आवडते म्हणून खा.

त्याच दिवशी डॉक्टर गाठा

डोळ्यात जोराची कळ, उजेड अजिबात न सोसणं, नजर अचानक मंद होणं, बुबुळावर पांढरा ठिपका, एकाच डोळ्याची वाढती लाली, पिवळी चिपडं, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होणं, यातलं काहीही दिसलं तर ते कोरडेपणाच्या नावावर खपवू नका. लहान मुलाला संध्याकाळी दिसेनासं होत असेल आणि डोळ्याचा पांढरा भाग सुकून चरबरीत दिसत असेल तर तो जीवनसत्त्व अ चा अभाव असू शकतो. त्याला वंगणाचे थेंब नाही, तातडीने जीवनसत्त्वाचा डोस लागतो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर कोरडेपणा आधी आटोक्यात आणा. लेन्सचा नंबर काढताना बुबुळाचा गोलवा मोजतात आणि फाटक्या अश्रूंच्या थरावर ते माप चुकतं. तपासणीला जाताना काजळ नको, निघण्याआधी दोन तास वंगणाचे थेंबही नकोत, आणि घरातल्या डोळ्याच्या सगळ्या बाटल्या, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.